लेकाचे ड्रेडलॉक्स आणि टँकरचं पाणी

पत्र

ताई, माझा मुलगा २२ वर्षांचा. नोकरीला लागला आणि पहिल्याच वर्षी त्याने डोक्याला ड्रेडलॉक्स, म्हणजे केस गुंतवून केलेल्या जाड, दोरासारख्या बटा, करून घेतले. घरात आठवडाभर अबोला होता, मग सगळ्यांना सवय झाली. आता प्रश्न वेगळाच उभा राहिलाय. टर्फवर फुटबॉल खेळताना तो पडला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. त्यामुळे डोकं धुवायचं काम माझ्याकडे आलं. मी आपली शिकेकाईची पूड भिजवून लावली. तिचा फेस होईना म्हणून वरून अंगाचाच साबण चोळला आणि भरपूर पाणी घातलं. दोन दिवसांनी बघते तर ड्रेड्सच्या आत पांढरट-करडं काहीतरी अडकलेलं, हाताला मेणचट लागतं, कुबट वासही येतो. डोक्याला खाज सुटलीय. परत धुतलं तर आणखीच वाढलं. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. पाणी थोडं महापालिकेचं, थोडं टँकरचं. सासूबाई म्हणतात, ही जट आहे, जटेला पाणी लावू नये, लावलंत म्हणून हे झालं. मुलगा म्हणतो, आई, तू साबण नीट काढला नाहीस. दोघांत खरं कोण?

– कासारवडवलीची एक आई

उत्तर

ताई, खरा मुलगाच, पण अर्धा. साबण आत राहिलाय हे बरोबर. पण तो तुमच्या हलगर्जीपणामुळे राहिलेला नाही. अंगाचा साबण आणि टँकरचं पाणी एकत्र आलं की तो सहजी निघतच नाही, मग दोन बादल्या ओता नाहीतर दहा. उलट प्रत्येक बादलीबरोबर नवे क्षार येतात आणि उरल्यासुरल्या साबणाला धरतात. दुसऱ्यांदा धुतल्यावर वाढलं म्हणता, ते यामुळेच. सासूबाईंच्या जटेकडे नंतर वळू, आधी त्याचं डोकं साफ होऊ दे.

साबण तयार होतो तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण त्यांच्याशी जोडला गेला की जो साका तयार होतो, तो पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या आतल्या बाजूला करडं कडं बसतं ते हेच, घासल्याशिवाय जात नाही. मोकळ्या केसांवरही हा थर बसतो, पण कंगवा फिरतो, टॉवेल फिरतो आणि थोडाथोडा निघून जातो. ड्रेडमध्ये कंगवा शिरत नाही. गळलेले केससुद्धा तिथेच अडकून राहतात, तिथे साक्याला कोण बाहेर काढणार? तुम्ही कधी मोरीत गोधडी धुतली असेल. वरचं कापड खळबळून स्वच्छ दिसतं, पण दाबली की आतल्या थरांतून परत फेस येतो. ड्रेडचं नेमकं तेच आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर त्याला खिडकीपाशी उजेडात बसवा. एक ड्रेड दोन बोटांत धरून मधोमध जरासा फाकवा, आतलं थोडं नखाने काढून तळहातावर घ्या आणि कोमट पाण्याचा थेंब टाकून चोळा. बुळबुळीत झालं पण विरघळलं नाही, तर तो साबणाचा साका. धागे सुटले तर टॉवेलचे तंतू. तपकिरी, रवाळ कण असतील तर ती तुमची शिकेकाई. कोरडे पापुद्रे फक्त टाळूपाशी असतील, टोकाकडे नसतील, तर कोंडा. आणि केसाच्या एका बाजूला घट्ट चिकटलेले, सरकवून न सरकणारे बारीक दाणे दिसले तर त्या लिखा. तसं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी उवांचा बंदोबस्त करा. तुमच्या वर्णनावरून मला साका आणि शिकेकाई, दोन्ही वाटतंय.

आता पाण्याचं. घोडबंदर पट्ट्यातल्या लोकांना टँकर म्हणजे काय हे मी सांगायला नको, पण केसांच्या बाबतीत त्याचा हिशेब कुणी करत नाही. ठाण्यात नळाला येणारं पाणी मुख्यतः भातसा, उल्हास अशा नद्यांवरून येतं. नदीचं, धरणाचं पाणी बरंचसं पावसाचं असतं आणि जमिनीत फार मुरलेलं नसतं, म्हणून साधारणपणे मऊ. टँकर कुठून भरला हे टँकरवाल्यालाच ठाऊक. बोअरवेलचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर ते जमिनीतून झिरपताना क्षार घेऊन आलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम धरलीय, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याच्या मानकात बसणारं पाणीसुद्धा साबणाच्या दृष्टीने चांगलंच जड असू शकतं. नवी मुंबईकरांनी यावर हसू नये. मोरबे धरण त्यांच्या महापालिकेच्या मालकीचं आहे खरं, पण सोसायटीने बोअर जोडून घेतली असेल तर त्यांच्याही मोरीत हीच रडकथा.

पाणी जड आहे की नाही, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. टँकर येतो त्या दिवशी तूरडाळ नेहमीच्या शिट्ट्यांत शिजत नाही, असं कधी झालंय का? नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या भोकांवर पांढरी खरपुडी धरते का? एवढ्यावरही पटत नसेल तर पारदर्शक बाटली अर्धी भरा, साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. वर दाट फेस आणि खाली पाणी स्वच्छ, तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी गढूळ, फुटकं दिसलं, तर जड.

सोसायटीच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र होतं, त्याला इलाज नाही. पण वॉचमनला विचारून टँकर पडल्या पडल्या डोकं धुवायचं टाळता येतं. आणि शेवटच्या खळबळण्यासाठी आरओ फिल्टरचं तीन-चार लिटर पाणी आदल्या दिवशी भरून ठेवता येतं. तेवढ्याने बराच फरक पडतो, कारण केसांत वाळणारं शेवटचं पाणीच क्षार मागे ठेवून जातं. मात्र आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी, जे आपण लादी पुसायला बादलीत साठवतो, ते चुकूनही घेऊ नका. गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. घरी आरओ नसेल तर पाणी उकळून गार होऊ द्या आणि वरचं निवळलेलं ओतून घ्या. तळाशी पांढरा गाळ बसला तर तेवढे क्षार कमी झाले. उकळून सगळा जडपणा जात नाही, पण काही तरी जातो.

अंगाचा साबण बाद. केसांचा म्हणून मिळणाऱ्या वड्या घेण्याआधी मागची यादी वाचा. सोडियम पामेट, सोडियम कोकोएट अशी नावं सुरुवातीलाच दिसली तर तो साबणच आहे, वेष्टनावर पानं-फुलं कितीही काढलेली असोत. शाम्पूतले फेस करणारे पदार्थ वेगळे असतात, सोडियम लॉरेथ सल्फेट वगैरे. त्यांचा जड पाण्यात असा साका होत नाही. पण म्हणून कुठलाही शाम्पू उचलू नका. केस रेशमी, मुलायम करतो असं सांगणाऱ्या शाम्पूत बहुतेकदा सिलिकोन असतं, यादीत ते डायमेथिकोन या नावाने दिसेल. मोकळ्या केसांवर त्याचा पातळ थर छान वाटतो, ड्रेडमध्ये तोच साठत जातो. मोत्यासारखी चमक असलेला दाट शाम्पू नको, कंडिशनर तर अजिबात नको. बाटली खिडकीकडे धरली की आरपार दिसला पाहिजे, असा स्वच्छ, पातळ, कमी वासाचा शाम्पू बघा. तो महागच असायला हवा असं काही नाही.

शिकेकाईवर माझा राग नाही, तुम्ही लावली ती भावना बरोबरच होती. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन नावाचा फेस करणारा पदार्थ असतो, तो जड पाण्यातही साबणासारखा साका धरत नाही. अडचण पुडीची आहे. कितीही वस्त्रगाळ म्हटली तरी ती शेवटी पूडच, आणि ड्रेडमध्ये शिरलेला कण बाहेर पडायला वाट नसते. तो तिथेच ओला राहतो, मग वास. बेसन, मुलतानी माती, आवळ्याची पूड, मेंदी यांचंही तेच. शिकेकाईच वापरायची असेल तर जांभळी नाक्याला काष्ठौषधींच्या दुकानात अख्ख्या शेंगा आणि रिठे मिळतात, ते आणा. रिठ्याच्या बिया काढून टाका. सालं आणि शेंगा रात्रभर भिजवून सकाळी उकळा. गार झाल्यावर जुन्या सुती साडीच्या फडक्याची दुहेरी घडी करून त्यातून गाळा. चहाच्या गाळणीने भागत नाही. काचेच्या ग्लासात तासभर ठेवून तळाशी गाळ बसला तर परत गाळायचं. आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका, रिठा भयंकर झोंबतो.

तेलाचं थोडक्यात सांगते. खोबरेल तेल ड्रेडच्या लांबीवर लावायचं नाही. ते आत मुरतं, धूळ धरतं आणि काढायला आणखी शाम्पू लागतो. टाळू कोरडी वाटली तर धुण्याच्या आदल्या रात्री बोटाच्या टोकाने चार थेंब, तेही फक्त कातडीला.

मुलाला एक मात्र नक्की विचारा : ड्रेड्स करताना मेण लावलं होतं का? काही ठिकाणी सरळ केसांचे ड्रेड लवकर बसावेत म्हणून मधमाश्यांचं मेण लावतात. ते वितळतं ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला. एवढं तापलेलं पाणी डोक्यावर घेतलं तर कातडी भाजेल, आणि त्याहून कोमट पाण्याला ते दाद देत नाही. मेण लावलेलं असेल तर तुम्ही कितीही खळबळा, मेणचटपणा राहणारच. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका, ज्याने ते लावलं त्याच्याकडेच मुलाला पाठवा.

आता आधीच बसलेला साका काढू. तो नुसत्या पाण्याने हलत नाही, शाम्पूनेही फारसा हलत नाही. त्याला आम्ल लागतं. स्वयंपाकघरातलं साधं पांढरं व्हिनेगर, चार-पाच टक्क्यांचं, पाव कप घेऊन एक लिटर कोमट पाण्यात घाला. लांबी खांद्याखाली असेल तर याच प्रमाणात दुप्पट करा.

प्लास्टर असल्यामुळे मोरीत उभं करून धुवायच्या भानगडीत पडू नका. आजारी माणसाचं डोकं धुतो तसं धुवायचं. पलंगावर उताणा झोपवा, डोकं कडेच्या बाहेर, मानेखाली टॉवेलची जाड घडी, त्यावर प्लॅस्टिक, खाली स्टुलावर टब. प्लास्टरचा हात पोटावर, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, वरचं तोंड चिकटपट्टीने बंद, पण आवळून नाही. ड्रेड्स आपोआप टबात लोंबतात. त्या टबात व्हिनेगरचं पाणी ओतून दहा मिनिटं भिजू द्या. अधूनमधून हाताने दाबत राहा, म्हणजे आतलं जुनं पाणी बाहेर येऊन नवं शिरेल. तेवढा वेळ मान लोंबकळत ठेवायची नाही, खाली हात किंवा उशीचा आधार हवाच. खाजवून टाळू सोलवटली असेल तर व्हिनेगर तिथे लावू नका, नुसती लांबी भिजवा.

यानंतर बहुतेक लोक थांबतात आणि मग तक्रार करतात की व्हिनेगर लावूनही चिकटपणा गेला नाही. जाणार कसा? आम्लाने साक्यातलं कॅल्शियम सुटून पाण्यात जातं, मागे राहतो तो तेलकट भाग, आणि तो काही व्हिनेगरने निघत नाही. त्याला शाम्पू लागतो. म्हणून टबातलं पाणी ओतून टाका, साध्या पाण्याने एकदा खळबळा आणि लगेच पातळ शाम्पूने धुवा. आठवड्याने परत एकदा हेच करा. एका खेपेत सगळं निघेल असं धरून चालू नका.

व्हिनेगरऐवजी लिंबू चालेल का, हा प्रश्न आता येईलच. नको. एक तर गराचे तंतू आत अडकतात, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर काळे डाग, कधी फोडसुद्धा येतात. कपाळावर, मानेवर ओघळलेला रस कुणाच्या लक्षात येत नाही.

ड्रेडवाल्या पोरांमध्ये खायच्या सोड्याचं फार कौतुक असतं, तुमचा मुलगाही तो सुचवेल. खायचा सोडा तेलकटपणा काढतो, यात शंका नाही. पण तो अल्कधर्मी असतो, केसांचं वरचं आवरण त्याने उघडतं आणि दर आठवड्याला वापरला तर केस ठिसूळ होतात. ड्रेड मुळाशी तुटायला लागतात ते अशानेच. व्हिनेगर-शाम्पू दोनदा करूनही तेलकट राहिलं तर बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे सोडा घालून एकदा भिजवायला हरकत नाही. नंतर व्हिनेगरच्या पाण्याने खळबळायचं. दोन्ही एकाच भांड्यात मिसळू नका. फसफसतं जोरात, बघायला मजा येते, पण एकाने दुसऱ्याचं काम संपवलेलं असतं. आणि डबा नीट बघून घ्या : धुण्याचा सोडा वेगळा, तो फार दाहक असतो, डोक्याला कधीच लावायचा नाही.

एकदा आतलं साफ झालं की दर आठवड्याचं धुणं सोपं आहे, फक्त वेळ कुठे घालवायचा हे बदलावं लागेल. आपण सगळा वेळ फेस काढण्यात घालवतो आणि पाणी उरकून टाकतो. इथे दोन मिनिटं शाम्पू आणि दहा मिनिटं पाणी.

आधी पाच मिनिटं नुसतं कोमट पाणी. कोरड्या ड्रेडवर शाम्पू पडला की तोच खोलवर शोषला जातो. ड्रेड आधीच पाण्याने गच्च भरला असेल तर शाम्पू वरवर राहतो आणि परत सुटून येतो. थेट शाम्पूच्या बाटलीतून ओतायचं नाही. टोमॅटो सॉसची चोचवाली रिकामी बाटली धुवून घ्या, त्यात दोन चमचे शाम्पू आणि वर बाटलीभर पाणी. चोच ड्रेड्सच्या मधल्या भांगांत धरून टाळूवर सोडत जा आणि बोटांच्या पेरांनी चोळा. तेल आणि घाम टाळूचा असतो, शाम्पू तिथेच हवा. लांबीला वेगळा लावायचा नाही, वरून ओघळतो तेवढा पुरतो. सगळे ड्रेड्स डोक्यावर गोळा करून भरपूर फेस काढायचा मोह होईल, तो आवरा. मुळाशी ते एकमेकांत गुंततात आणि सोडवताना तुमच्यात आणि मुलात परत अबोला.

मग खळबळणं. धार धरायला घरातल्या कुणाला तरी बोलवा, हे एकटीचं काम नाही. तीन-चार ड्रेड्स हातात घ्या, वरून तांब्याने सावकाश पाणी सोडा आणि मुठीत धरून मुळापासून टोकाकडे दाबत या. पिळा द्यायचा नाही, नुसतं दाबायचं. टोकाखाली पांढरी चिनी मातीची वाटी धरा. पहिल्या दाबाला वाटीत दुधाळ पाणी पडतं, वर बारीक बुडबुड्यांची साय जमते आणि ती तशीच राहते. परत पाणी, परत दाब. हळूहळू दुधाळपणा जातो, पण बुडबुडे राहतात. इथे वाटतं की झालं, पण झालेलं नसतं. वाटीचा तळ लख्ख दिसला आणि बुडबुडे पडल्या पडल्या फुटले, की मग पुढच्या तीन-चारांकडे वळा. टाळूला हात लावून करकरीत लागलं की आपण समजतो साबण गेला, पण टाळूवरून गेलेला साबण ड्रेडच्या पोटात असतो. मानेमागचे आणि कानांमागचे ड्रेड जाड असतात, त्यांना सगळ्यांत उशीर लागतो, आणि तोवर हात दुखायला लागल्यामुळे नेमके तेच राहून जातात. म्हणून मी तर म्हणेन, सुरुवातच मानेपासून करा.

पाणीकपातीचा दिवस असेल तर एवढी धार परवडत नाही. तेव्हा दोन बादल्या भरून घ्या. पहिलीत ड्रेड्स बुडवून, दाबून साबण सोडवायचा, ते पाणी संडासला वापरायचं. दुसरीत परत तेच. शेवटी आरओचं पाणी तांब्यातांब्याने वरून. त्यात लिटरमागे एक चमचा व्हिनेगर घातलंत तर उरलासुरला क्षार बसत नाही, आणि वाळल्यावर वासही राहत नाही. चोवीस तासांचं शटडाऊन जाहीर झालं असेल तर धुणं सरळ पुढे ढकला. अर्धवट खळबळलेल्यापेक्षा दोन दिवस न धुतलेलं डोकं बरं.

कुबट वासाचं निम्मं कारण साबणात नाही, ओलाव्यात आहे. जाड ड्रेड बाहेरून कोरडा वाटला तरी आतून रात्रभर ओला राहू शकतो, आणि पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत तर दुसऱ्या दिवसापर्यंत. आतला ओलावा टिकला की बुरशी धरते, आणि ती एकदा आत बसली की बाहेरून कितीही धुतलं तरी वास जात नाही. म्हणून सकाळी धुवायचं, रात्री कधीच नाही. टर्किश टॉवेल वापरू नका, त्याचे तंतू ड्रेडमध्ये अडकतात. जुना सुती पंचा घ्या आणि एकेक ड्रेड त्यात गुंडाळून दाबा. एक पंचा भिजला की दुसरा. मग मोकळे सोडून पंख्याखाली बसू दे. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवशीच धुवा आणि हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून मुळांशी फिरवा. ओले ड्रेड्स बांधून वर टोपी किंवा हेल्मेट घालून निघणं बंद. वाळले की नाही हे बोटांना कळत नाही, ड्रेड गालाला लावून बघा. गार लागला तर अजून ओला आहे.

मध्ये घाम फार आला तर टाळू ओल्या फडक्याने पुसली तरी चालतं.

आता सासूबाई. त्यांनी जे बघितलंय ते खरं आहे, म्हणून त्यांना उडवून लावू नका. केस धुतले-विंचरले गेले नाहीत की घाम, तेल, धूळ बसून गुंता होतो आणि तो सुटेनासा होतो. आपल्याकडे त्यालाच देवीचं बोलावणं समजून हात लावायचा नाही, पाणी लावायचं नाही, कापायचं तर नाहीच, अशी रीत पडली. बायकांनी मान अवघडेपर्यंत ते ओझं वागवलं, खाली उवा आणि जखमा. कित्येक मुलींना जट आली म्हणून देवदासी करून यल्लम्माला सोडलं गेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांच्या घरी जाऊन, समजूत काढून जटा कापत आलेत. त्या जटेचं दुखणं मुळात पाणी न लावण्यातूनच सुरू होतं. तुमच्या मुलाचे ड्रेड्स कुणा माणसाने सुईने बसून बांधलेत आणि त्याचे पैसे मोजून घेतलेत. देवीचा त्यात संबंध असता तर पावती मिळाली नसती.

हे सगळं सासूबाईंपुढे वाद म्हणून मांडलंत तर त्या ऐकणार नाहीत. त्यांना रिठे फोडायला आणि काढा गाळायला बसवा. पैठणी आणि सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्याने धुणारी त्यांची पिढी, गाळ राहिला तर काय होतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आपण गाळलेल्या पाण्याने नातवाचं डोकं धुतलं गेलं की पाणी लावू नये हा मुद्दा बराच मवाळ होतो.

एवढं करूनही तीन-चार धुण्यांनंतर खाज राहिली, टाळूवर लाल चट्टे, पाणी सुटणाऱ्या जखमा किंवा केस गेलेला गोल डाग दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. तो बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला पोटातून औषध लागतं, घरगुती उपाय पुरत नाहीत. एखाद्याच ड्रेडला वास राहिला आणि बाकीचे साफ झाले, तर तो एक कापायची मुलाने तयारी ठेवावी. बाकीच्यांत तो लपून जातो.

आणि प्लास्टर निघाल्यावरही हे काम तुमच्याच गळ्यात राहील अशी भीती असेल, तर त्याचीही सोय आहे. महिनाभर बांधलेला हात सुटला की तो आखडलेला असतो आणि फिजिओथेरपीवाले मूठ दाबायचे व्यायाम देतात. त्यांना विचारून चेंडूच्या जागी ड्रेड्स द्या.